तपासले : आजोबा

सात महिने मी एका पत्राला उत्तर दिले नाही. मला पत्रे फारशी येत नाहीत, त्यामुळे ते ढिगात हरवले असे म्हणायची सोय नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात होते. खण मी रोज उघडत होतो. फक्त पेन्सिल काढायची आणि नजर दुसरीकडे ठेवून खण बंद करायचा, एवढे मला जमले होते.

मी निवृत्त मुद्रितशोधक आहे. अडतीस वर्षे एकाच छापखान्यात, छपाईला जाण्याआधीची पाने वाचली. पाठ्यपुस्तके, लग्नपत्रिका, औषधांच्या डब्यांतली माहितीपत्रके, जे येईल ते. स्वतःचे असे मी काही लिहिले नाही. दुसऱ्यांच्या लेखनातले काने-मात्रे जागेवर बसवले. असा माणूस पत्राचे उत्तर लिहायला बसला की पहिल्या वाक्यात तीन दुरुस्त्या करतो, दुसऱ्यात पाच, आणि तिसऱ्याशी पोहोचेपर्यंत त्याला वाटू लागते की हे लिहिणाऱ्या माणसावरच कुणी विश्वास ठेवू नये.

पत्र आले ते आमच्या लेकीच्या ब्लॉगमुळे. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करते. जावई जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने घराबाहेर. ती आणि तिची मुलगी आमच्याच इमारतीत, दोन मजले वर राहतात. नातीला सगळे भिरभिरे म्हणतात. ती बसलेली कुणी पाहिलेली नाही. तिच्या जन्मापासून लेक मुले वाढवण्याबद्दल लिहिते आहे, दुकानाच्या मागच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत. तिचा पहिला लेख मोज्यांवर होता. मूल एकच मोजा घालून हिंडत असेल तर आईने काय करावे? दुसरा शोधू नये, असा त्याचा एकूण अर्थ. मी हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिलो. अडतीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या कित्येक पुस्तकांत तसे एक पान नव्हते. हे मी तिला सांगितले नाही. मला अशा गोष्टी तोंडावर सांगता येत नाहीत. मी फक्त म्हणालो, "स्वल्पविराम दोन कमी आहेत."

तेव्हापासून प्रत्येक लेख आधी माझ्याकडे येऊ लागला. पडद्यावर मला वाचता येत नाही, म्हणून ती कागदावर छापून आणायची. ती मोठ्यांदा वाचायची, मी कागदावर पेन्सिल फिरवत जायचो, आणि शेवटी कोपऱ्यात बरोबरची खूण करायचो. एके दिवशी तिने लेखाच्या तळाशी स्वतःहून एक ओळ घातली, 'तपासले : आजोबा'. वाचणाऱ्यांना ती आवडली. मला किती आवडली ते मी कुणाला कळू दिले नाही, पण आमच्या हिला कळलेच.

"लेख तिने लिहायचा, पोर तिने सांभाळायची, आणि नाव मात्र यांचं!" ती म्हणाली. "छापखान्यात अडतीस वर्षं खपलात, तिथे नाही कधी छापलं कुणी."

वाचणारे वाढले तशा कंपन्या आल्या. मुलांच्या वस्तू विकणाऱ्या. त्यांच्याबद्दलचे लेख घाईचे असत, आणि लेकीला मोठ्यांदा वाचायला वेळ उरेना. ती सकाळी दुकानात जाताना कागद माझ्या टेबलावर ठेवायची, संध्याकाळी खूण केलेला उचलायची. ते लेख मी छापखान्यातल्या माझ्या पद्धतीने वाचत असे. ती पद्धत पुढे महत्त्वाची आहे, म्हणून सांगतो. मी खालून वर वाचतो. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. सरळ वाचले की माणूस मजकुरात गुंततो आणि डोळा चुकीवरून घसरतो. उलटे वाचले की अर्थ लागतच नाही, नुसते शब्द दिसतात. छापखान्यात या पद्धतीबद्दल माझे नाव होते.

आणि मग ते पत्र आले. पाकिटावर 'आजोबा' असेच लिहिलेले होते, खाली ब्लॉगवरचा पत्ता, म्हणजे आमचा. सगळे पत्र इथे देतो. ते मला पाठ आहे.

'आदरणीय आजोबा, मी एका शर्टांच्या कारखान्यात तपासनीस आहे. शिवून आलेला शर्ट माझ्याकडे येतो. मी बटणं ओढून बघते, कॉलर उलटून बघते आणि खिशात माझ्या नंबरची चिठ्ठी घालते. गिऱ्हाइकाकडे बटण निघालं तर त्या चिठ्ठीवरून मलाच बोलावतात. तुमच्या मुलीच्या लेखाखाली "तपासले" वाचलं तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, इथेही कुणीतरी चिठ्ठी घालणारं आहे.

माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. "आई" म्हणतो आणि "नको" म्हणतो, बाकी काही नाही. तुमच्या मुलीनं लिहिलं की चित्रांची बोलकी कार्डं आणली आणि तिसऱ्या आठवड्यात मुलगी पूर्ण वाक्यं बोलायला लागली. मी कार्डं आणली. कामावरून आल्यावर रोज त्याला घेऊन बसले. तिसरा आठवडा गेला, सहावा गेला. मग मी आणखी ब्लॉग वाचले. पाच आयांनी हेच लिहिलंय. पाचही मुलं तिसऱ्याच आठवड्यात बोलली आणि पाचही आयांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे एका मापाचे शंभर शर्ट येतात, पण एका मापाची मुलं मी अजून बघितली नाहीत. घरचे म्हणतात, पाचजणींना जमलं ते तुलाच कसं जमत नाही. तुम्ही तपासलंय म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही काय तपासलं?'

मी तो लेख शोधून काढला आणि पहिल्यांदाच वरून खाली वाचला. चूक एकही नव्हती. खरे वाक्यही एकच होते, मुलीच्या वयाचे.

भिरभिरे उशिरा बोलली. दोन वर्षे दहा महिन्यांपर्यंत तिने नुसती बोटे दाखवून घर चालवले. आम्ही तिला कानांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कान उत्तम असल्याचे सांगितले. दुसऱ्याच आठवड्यात मी खिडकीपाशी वाचत बसलो होतो, तेव्हा तिने पानावर हात ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, मोठ्यानं वाच ना, मला ऐकू येत नाही." तिचे पहिले वाक्य हेच. आमची ही आनंदाने रडली, आणि मग घाबरून तिला पुन्हा कानांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. कार्डे आली त्यानंतर कितीतरी महिन्यांनी. तेव्हा पोरीचे तोंड बंद कसे करावे हा आमच्यापुढचा प्रश्न होता. खुर्च्यांची बस करून ती त्या कार्डांची तिकिटे फाडत असे.

हे सगळे माझ्या डोळ्यांदेखत झालेले. आणि त्या लेखाच्या कोपऱ्यात माझी खूण.

मग मी उत्तर का दिले नाही? खरे लिहायचे तर आधी लेकीला विचारावे लागले असते. तिच्या लेखनावर माझा इतका जीव होता की ती खोटे लिहिते हे तिच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. खोटे उत्तर लिहावे तर ती बाई बटणे ओढून बघणारी. मी मसुदे करत राहिलो. दर आठवड्याला वाटे, आता इतका उशीर झाला आहे की उत्तर पाठवणे म्हणजे आणखीच आगाऊपणा.

सात महिन्यांनी, एका सुट्टीच्या सकाळी, लेक नवा कागद घेऊन खाली आली, मागोमाग भिरभिरे एक उशी घेऊन. चेहरा फुललेला होता. जाहिरातींचे काम बघणाऱ्या एजन्सीने तिला वर्षभराचा करार देऊ केला होता. तो झाला की चष्म्याचे दुकान सुटणार होते, आणि भिरभिरे शाळेतून येईल तेव्हा ती घरी असणार होती. चार वर्षे ती याचीच वाट बघत होती. पहिला लेख एका उशीबद्दल होता. त्या उशीवर बसवले की मुलांचे लक्ष लागते म्हणे.

मी कागद घेतला आणि वरून खाली वाचू लागलो. 'आमची चुळबुळी मुलगी या उशीवर चाळीस मिनिटं शांत बसली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं,' असे दुसऱ्याच परिच्छेदात होते. त्याच वेळी आमची चुळबुळी मुलगी ती उशी जमिनीवर टाकून पलंगावरून तिच्यावर उड्या मारत होती आणि ओरडून मोजत होती, "सात! आठ! आजोबा, बघ की!"

मी पेन्सिल खाली ठेवली.

"बाबा, खूण कुठाय?" लेकीने विचारले.

"केली नाही."

"चुका आहेत?"

"एकही नाही."

"मग?"

मी खण उघडला आणि पत्र तिच्या हातात दिले. तिने ते उभ्याउभ्याच वाचले. मग बसून पुन्हा वाचले. मग वरची तारीख बघितली.

"बाबा, हे सात महिन्यांपूर्वीचं आहे."

"हो."

"सात महिने दाबून ठेवलंत?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"माझ्या वाटण्याचं राहू द्या हो! त्या बाईला घरचे सात महिने टोचत असतील. माझ्यामुळे. आणि तुम्ही काय करत होतात?"

"मसुदे."

"किती?"

"चौदा."

"चौदा!" स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला. "आणि एकही पेटीत पडला नाही. लग्न ठरल्यावर मलाही एक पत्र येणार होतं म्हणे. अजून वाट बघतेय."

कुणी हसले नाही. लेक खाली बघत म्हणाली, "तो लेख मी लिहिलेला नव्हता. एजन्सीनं तयार पाठवला होता. 'मुलाचं वय इथे भरा' अशी रिकामी जागा सोडून. दुकानात त्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मी वय भरलं आणि तुमच्या टेबलावर ठेवला. वाटलं, काही खटकलं तर बाबा सांगतीलच. त्यांच्या डोळ्यांदेखतच तर झालंय सगळं."

"आणि मला वाटलं, तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार."

"पण वाचताना तरी कळलं असेल ना?"

तेव्हा मला खालून वर वाचण्याची गोष्ट सांगावी लागली. ज्या पद्धतीचा मला एवढा गर्व होता ती माझ्या लेकीला समजावून सांगताना माझे कान तापले.

"म्हणजे तुम्ही माझे लेख वाचलेच नाहीत?" तिने अगदी हळू विचारले.

"तू मोठ्यांदा वाचायचीस तोवरचे सगळे पाठ आहेत," मी म्हणालो. "मोज्यांचा तर अक्षरशः. म्हणून दाखवू?"

ती माझ्या खुणेवर विसंबली होती, मी तिच्या नावावर, आणि ती शर्टवाली बाई आम्हा दोघांवर. मधल्या मध्ये प्रत्यक्ष लेख कुणीच वाचला नव्हता. मला वाटले, आता ती कागद उचलेल आणि वर निघून जाईल. तसे केले असते तरी मला बोलायला तोंड नव्हते. करार तिचा होता, उभे राहून दुखणारे पाय तिचे होते.

तिने फोन उचलला आणि एजन्सीतल्या बाईंना लावला. आवाज मोठा ठेवून फोन टेबलावर ठेवला.

"बोला ताई! झाला का लेख?"

"मी माझ्या शब्दांत लिहिला तर चालेल का? खरं काय घडलं ते?"

"चालेल की. काय घडलं?"

"ती उशीवर उड्या मारते. आत्ता अकरावी चाललीय."

"बारावी!" भिरभिरे ओरडली.

बाई हसल्या. माणूस वाईट नव्हता, आवाजावरून तरी. "ताई, तेवढं सोडा ना. बाकीच्या आयांनी आहे तसाच टाकलाय. सगळीकडे एकसारखं आलं की वाचणाऱ्याची खात्री पटते."

"कसली खात्री?"

"की होतं म्हणून."

"पण होत नाही ना."

"अहो, एवढं कोण वाचतंय?"

लेकीने माझ्याकडे बघितले नाही. तिने पत्रावर हात ठेवला. "वाचतात. शर्ट तपासणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी पाचही ब्लॉग शेजारीशेजारी ठेवून वाचलेत. मला माझे शब्द लिहायचेत. आणि तो कार्डांचा लेखही बदलायचाय."

"मग वर्षाचं अवघड होईल, ताई. मनापासून सांगते."

"होऊ द्या," लेक म्हणाली. तिचा आवाज मधेच कापला, पण शब्द पुरा झाला. फोन ठेवून तिने तोंड धुतले. आमच्या हिने तिच्यापुढे चहा ठेवला आणि माझ्यापुढे ठेवला नाही. तो मला चौथ्या मिनिटाला मिळाला.

पुढचे दोन दिवस ती दुकानाच्या मागच्या खोलीत लिहीत होती. तिसऱ्या संध्याकाळी ती कागद घेऊन आली, समोर बसली आणि पूर्वीसारखी मोठ्यांदा वाचू लागली. कार्डांच्या लेखाच्या जागीच हा नवा लेख जाणार होता. जुना गुपचूप पुसणे तिला मान्य नव्हते. 'इथे आधी जे होते ते मी लिहिलेले नव्हते आणि ते खरेही नव्हते. मी त्याला माझ्या मुलीचे वय आणि माझे नाव दिले,' अशी सुरुवात होती. मग बोटे दाखवून चालवलेले घर, कानांचे डॉक्टर, ते पहिले वाक्य, आजीची धावपळ, तिकिटे झालेली कार्डे. आणि पुढे हे: 'ती बोलत नव्हती तेव्हा मीही दुसऱ्यांचे ब्लॉग वाचून रडले होते. तरी मी तसेच एक पान लिहून दुसऱ्या आईपुढे ठेवले. ती का बोलली ते मला माहीत नाही. माहीत असल्यासारखे लिहिले, ही माझी चूक.'

एका ठिकाणी वाक्य फार लांबले होते, वाचताना तिला धाप लागली. मी पेन्सिल टेकवली आणि उचलली. तोडले असते तर ते नीटनेटके झाले असते आणि दुसऱ्या कुणाचेही झाले असते. मी कोपऱ्यात खूण केली. अडतीस वर्षे हजारो पाने माझ्या हाताखालून गेली, पण हे लिहिणारी माझी मुलगी आहे, हे रस्त्यात जाऊन कुणालातरी धरून सांगावे असे मला वाटले. मी म्हणालो, "छान आहे."

ती बघतच राहिली. "स्वल्पविराम?"

"बरोबर आहेत."

लेख गेला आणि शिव्याही आल्या. 'मग आधीचं सगळंही खोटंच का?' असे एकीने विचारले. तो प्रश्न रास्त होता, आणि लेकीने जुने सगळे लेख काढून कुठला स्वतःचा, कुठला कंपनीचा ते प्रत्येकावर लिहिले. बरेच वाचणारे सोडून गेले. करार गेलाच. मग हळूहळू कॉमेंटमध्ये आया आपापले आकडे लिहू लागल्या. माझा सव्वादोन वर्षांचा असताना बोलला. माझी साडेतीन. माझा चार, आणि पहिला शब्द 'परत'. माझी अजून नाही, उपचार चालू आहेत. लेक ते मला वाचून दाखवायची. एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता, आणि मला ते ऐकताना कधी नव्हे ते सगळे खरे वाटत होते. तळाची ओळ तिने बदलली होती: 'तपासले : आजोबा, वरून खाली'. ही म्हणाली, "बघा, आता पद्धतीसकट नाव आलं."

"बाबा, त्या बाईंना मी लिहू का?" लेकीने विचारले.

"त्यांनी मला विचारलंय," मी म्हणालो. एवढ्या ठामपणे मी घरात क्वचितच बोललो असेन. ही दारातून डोकावून बघून गेली.

मी पेन्सिल बाजूला ठेवली आणि शाईच्या पेनाने लिहिले, म्हणजे खोडायची सोय नको.

'आपले पत्र मिळाले, त्याला सात महिने झाले. उशिराचे कारण माझा भित्रेपणा, दुसरे नाही. आपण विचारलेत की मी काय तपासले. मी काने, मात्रा आणि विरामचिन्हे तपासली. लेख खरा आहे का, हे मी तपासले नाही, आणि तरी खाली माझी चिठ्ठी घातली. तो खरा नव्हता. माझी नात दोन वर्षे दहा महिन्यांची असताना बोलली, आणि कार्डे त्यानंतर आली. बाकीच्या चार घरांचे मला माहीत नाही, पण मजकूर सगळ्यांना एकाच ठिकाणाहून गेला होता. तेव्हा पाचजणींना जमले आणि आपल्याला नाही, असे झालेलेच नाही. आपले काही चुकले नाही. हे पत्र घरच्यांना दाखवावे, त्यासाठीच सही ठळक केली आहे.

आपला मुलगा आता तीन वर्षे एक महिन्याचा असेल. बोलू लागला असेल तर मला फार आनंद होईल. नसेल तर कान आणि बोलणे तपासणाऱ्या माणसांना जरूर दाखवा. तेवढे आम्ही केले होते आणि तेवढेच मी खात्रीने सांगू शकतो.

माझ्या मुलीने तो लेख बदलला आहे. आपल्या पत्रामुळे. त्यासाठी तिने बरेच काही सोडले. ते तिने लिहिलेले नाही, म्हणून मी सांगतो. वडील आहे.'

मी ते पुन्हा वाचले नाही. वाचले असते तर पंधरावा मसुदा झाला असता. पाकीट चिकटवले आणि पोस्टात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी ते वजनकाट्यावर ठेवले.

"साधं की रजिस्टर?"

"रजिस्टर," मी म्हणालो. "आणि आजच जाईल ना?"

"दुपारच्या गाडीनं जाईल, आजोबा. एवढी कसली घाई?"

मी सुटे पैसे मोजून पुढे ठेवले. त्यांनी दोन शिक्के मारले, पावती माझ्याकडे सरकवली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकले.